वाळवणाला घातलेलं रीळ

फिल्म मी खराब केली. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर वाचणारा उगाच ऑपरेटरवर नाहीतर उंदरांवर संशय घेत बसेल. उंदीर आमच्या ऑफिसात होते, पण त्यांनी त्या रिळाला तोंड लावलं नव्हतं. जे केलं ते मी केलं, आणि चांगल्या मनानं केलं. वाईट मनानं केलं असतं तर निदान इतकं नीट झालं नसतं.

भिलाईचा कारखाना तेव्हा उभा राहत होता. पहिली भट्टी पेटून दोन पावसाळे झाले होते आणि बाकीचं अजून खोदणं, ओतणं, जोडणं चालूच होतं. माझे यजमान रोलिंग मिलच्या उभारणीवर होते. आम्ही भंडाऱ्याकडचे, धानाच्या शेतीतले. घरात ते, मी आणि सासूबाई. सेक्टरमधलं दोन खोल्यांचं क्वार्टर, पुढे मुरमाचं अंगण, अंगणात एक बाज. मी मॅट्रिक झालेली आहे हे आमच्या सगळ्या स्ट्रीटला माहीत होतं, कारण सासूबाई भाजीचा भाव करतानाही ते मध्ये घालत.

कारखान्याचं एक खातं होतं. कारखान्यात काय चाललंय ते लोकांना सांगायचं, हे त्याचं काम. त्यातला फिल्म विभाग म्हणजे सिमेंटच्या पत्र्याच्या दोन खोल्या, एक साहेब, एक ऑपरेटर, एक व्हॅन आणि लोखंडी मांडणीवर रचलेले चपटे गोल डबे. डब्यांमध्ये माहितीपट. पाया खणताना, चिमणी चढताना, भट्टी पेटताना, मोठी माणसं येताना, मोठी माणसं जाताना. या फिल्मा तपासायला कोणीतरी पाहिजे होतं. साहेब नागपूरचे. त्यांनी विचारलं, शिवणकाम येतं का. येतं म्हटलं. मोतीकाम? तेही येतं. बारीक काम करताना तोंड चालू राहतं का? राहतं म्हटलं. त्यांनी जरा विचार केला आणि तरी मला घेतलं.

काम सोपं होतं आणि दिवसभर पुरायचं. व्हॅन खेळ दाखवून आली की रीळ माझ्या टेबलावर. टेबलाला दोन्ही टोकांना हँडलच्या चक्र्या आणि मधोमध दुधी काच, काचेखाली बल्ब. एका चक्रीवरून दुसरीवर फिल्म हातानं ओढायची आणि तिच्या कडा अंगठा आणि बोटाच्या मधून जाऊ द्यायच्या. कडेची भोकं फाटली असतील तर बोटाला खरखर लागते. तिथं थांबायचं, कापायचं, जोडायचं. यजमानांच्या जुन्या धोतराचे मी हातमोजे शिवले होते. जोडायला जो डिंक लागतो त्याला सिमेंट म्हणतात. एक बाटली सिमेंट पाहिजे असा मागणीचा कागद मी भांडारात पाठवला, तर तिथून उत्तर आलं की सिमेंट पोत्यानं मिळतं, किती पोती ते कळवावं. सारा कारखाना उभा राहत होता, त्यांचं चूक नव्हतं.

खेळाला गर्दी व्हायची ती वेगळ्याच कारणानं. आपल्याकडचे लोक, भंडाऱ्याचे, गोंदियाचे, मिलवर आणि भट्टीवर लागलेले, पडद्यासमोर बसत ते स्वतःला शोधायला. फिल्ममध्ये सगळ्यांच्या डोक्यावर टोप आणि सगळ्यांची कॅमेऱ्याकडे पाठ. एका पाठीवर आमच्याच स्ट्रीटमधल्या चौघांनी हक्क सांगितला होता. त्यातल्या एकानं तर पेढे वाटले. त्याच्या बायकोनं मला बाजूला घेऊन विचारलं, तुम्ही रोज पाहता, हे हेच आहेत का? मी म्हटलं, पाठ तर त्यांचीच दिसते. पेढे आधीच खाऊन झाले होते.

आता त्या रिळाचं सांगते.

मांडणीच्या सर्वांत खालच्या फळीवर एक डबा होता, त्यावर चिठ्ठी नव्हती. कारखान्याच्या जागेवर आधी गावं होती. त्यातलं एक गाव उठण्याच्या आधी बाहेरून आलेल्या एका कॅमेरावाल्यानं तिथं चार दिवस फिरून ही फिल्म घेतली होती. दहा मिनिटांची, मुकी, काळीपांढरी. घरं, तलाव, धान कुटणाऱ्या बाया, गुरं, आणि शेवटी एक माणूस शेत नांगरतोय. ती अशा जातीची फिल्म होती की जी कॅमेऱ्यात घातली तीच धुऊन चित्र उमटतं. तिची निगेटिव्ह नसते, दुसरी प्रत काढलेली नव्हती. होतं ते एवढंच. खेळाच्या यादीत ती नव्हती, कारण तिच्यात कारखाना नव्हता.

नांगरणारा माणूस दर सोमवारी आमच्या ऑफिसात यायचा.

सोमवार बाजाराचा दिवस. गाव उठल्यावर त्यातली बरीच घरं कोहका नावाच्या गावापलीकडे जाऊन वसली होती. तिथून हे म्हातारबाबा बाजाराला येत, आणि बाजार करण्याआधी आमच्या पायरीवर बसत. डोक्याला पागोटं, हातात काठी, एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला आणि दुसऱ्यात पिकत आलेला. ते छत्तीसगढी बोलत, मी माझं नागपुरी, आणि आमचं कधी अडलं नाही. मला ते नोनी म्हणत. त्यांच्याकडे लेकीबाळीला नोनी म्हणतात.

त्यांचं म्हणणं असं. कॅमेरावाल्यानं त्यांना माघात नांगर धरायला लावलं. धान कापून झालेलं, जमीन वाळून टणक, पेरायचं काही नाही. गाव उठणार हे ठरलेलं. तरी त्यांनी बैल जुंपले. ढग आला म्हणून कॅमेरावाल्यानं तीनदा तेच करायला लावलं. बाबांना त्याचा राग नव्हता. तिसऱ्या फेरीला नांगर चांगला लागला, असं ते म्हणत. ती त्या शेताची शेवटची नांगरणी. आणि जाताना कॅमेरावाला म्हणाला होता, तुम्हाला दाखवीन.

"नांगर धरणाऱ्याले बैलाच्या पाठी दिसतात," असं त्यांनी मला एकदा समजावून सांगितलं. मी आमच्या बोलीत सांगते. "आपण आपल्या वावरात कसे दिसतो, हे त्याले कधी दिसत नाही." त्यांना ते एकदा पाहायचं होतं. आणि दुसरं म्हणजे गावातले लोक त्यांची थट्टा करत. त्या पेटीत काही नव्हतंच, म्हाताऱ्याला फुकट राबवून गेला, असं. त्यांना हे लोकांनाही दाखवायचं होतं. डोळा पूर्ण जायच्या आत. मोठं असलं तर मला अजून दिसतं, असं ते म्हणत. पडद्यावर बैल किती मोठा दिसतो? मी हातानं दाखवलं. मग दिसेल, म्हणाले.

मी साहेबांकडे गेले. खेळ मागवायचा एक छापील फॉर्म होता. गावाचं नाव, तहसील, पंचाची सही. मी बाबांच्या गावाचं नाव घातलं. साहेब म्हणाले, हे गाव यादीत नाही. मी म्हटलं, गाव उठलं म्हणून तर फिल्म आहे. ते म्हणाले, ज्या गावात खेळ दाखवायचा ते गाव आधी असायला पाहिजे. मग मी कोहका लिहिलं. ते म्हणाले, कोहक्याचा खेळ मागच्या महिन्यात झाला, त्यांची पाळी आता पुढल्या वर्षी. माणूस वाईट नव्हता. फॉर्मच तसा होता. असे सोमवार गेले, उन्हाळा गेला, पावसाळा लागला. मी दर सोमवारी बाबांना सांगायची, कागद चालू आहे. कागद कुठेच चालत नव्हता, माझ्या खणात पडला होता.

पावसाळ्यात ते पत्र्याचं छप्पर गळलं नाही, पण आतली हवा ओली झाली. आश्विनात मी डबे उघडले तर बुरशी. पांढरी, बारीक, डाळीवर येते तशीच. साहेबांना दाखवली. ते म्हणाले, साफ करा. कशी ते नाही सांगितलं. त्यांनाही माहीत नसावं, आणि मी विचारलं नाही. आगाऊपणा माझा जुना.

घरी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुई तुरीची डाळ खराब झाली तं का करतं तू? तेच कर ना. मले का विचारून राहिली?"

आता आमच्याकडे डाळीचं जे करतात ते सगळ्यांना माहीत आहे. आश्विनाचं कडक ऊन दाखवायचं. ऊन अंगात आहे तोवर एरंडेलाचा हात फिरवायचा. कडुलिंबाचा पाला घालून झाकण घट्ट लावायचं. वर्षभर किडा लागत नाही. माझ्या माहेरी, सासरी, सगळीकडे हेच. मला त्यात शंका घ्यायचं काही कारण दिसलं नाही.

आठ डबे मी ऑफिसच्या मागेच थोडा थोडा वेळ उन्हात ठेवले, कडांवर नुसतं तेलाचं बोट फिरवलं. ते वाचले. पुढे वर्षभर त्या फिल्मा दाखवताना प्रोजेक्टरमधून जरा एरंडेलाचा वास यायचा, इतकंच. चिठ्ठी नसलेला डबा मात्र मी घरी आणला. तो एकच होता ना. त्याची काळजी मला जास्त. म्हणून त्याला ऊनही मी जास्त दिलं.

रविवार होता. अंगणात बाजेवर धुतलेलं धोतर पसरलं. रीळ चक्रीवरून काढलं, म्हणजे ऊन आतपर्यंत जाईल, आणि भाकरीसारखं आडवं ठेवलं. सासूबाई कावळे हाकायला काठी घेऊन बसल्या. कावळ्यांना फिल्म खायची नव्हती, पण वाळवण म्हटलं की त्या बसतच. दुपारी ते उलटवायचं होतं. दुपारी यजमानांचा मित्र चरोद्याहून बायकोला घेऊन आला, त्यांचा स्वयंपाक, चहा, गप्पा, आणि मी विसरले. सबंध दिवस एकच बाजू तापली. संध्याकाळी गरम गरम असतानाच मी अर्धी वाटी एरंडेल त्या रिळाच्या कडांना जिरवलं, पाला घातला, आणि डब्याचं झाकण दाबून बसवलं. फार समाधान वाटलं.

तीन आठवड्यांनी खेळ मंजूर झाला. कसा, ते सांगते. साहेबांच्या वरचे साहेब आले असताना बाबा पायरीवर बसलेले होते. वरच्या साहेबांनी विचारलं, हे कोण? आमचे साहेब गडबडून म्हणाले, हे आमच्या फिल्ममध्ये आहेत. वरचे साहेब म्हणाले, अरे वा, मग दाखवली की नाही यांना? फॉर्म त्याच दिवशी निघाला. गावाच्या जागी साहेबांनी स्वतःच्या हातानं लिहिलं, कोहक्याजवळ. मंगळवार ठरला. बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी पागोटं सोडून परत बांधलं.

शनिवारी दुपारी ऑपरेटरनं खिडक्या लावून फिल्म चालवून पाहिली. ऑपरेटर आंध्रातला, दिवसाला दहा-बारा शब्द बोलणारा. रीळ डब्यातून काढतानाच करकरलं. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. पडद्यावर घर आलं, हललं, वाकडं झालं, आणि खट खट खट. त्यानं मशीन थांबवलं. भोकं दात्यांवर बसतच नव्हती. फिल्म आक्रसली होती, आणि एका कडेनं जास्त, म्हणून पापडासारखी वाकली होती. पहिल्या मिनिटात तीन ठिकाणी फाटली. त्यानं परत लावली, परत फाटली. मग तो म्हणाला, "नहीं चलेगी." आणि मोटारीचा चालकही तोच असल्यामुळे व्हॅन धुवायला गेला.

मी फिल्म टेबलावर घेतली. बल्ब लावला, भिंग लावलं आणि सुरुवातीपासून हळूहळू ओढत गेले. घरं होती. तलाव होता. बाया होत्या. शेवटचा भाग रिळाच्या गाभ्याला होता, चक्री काढल्यामुळे मधल्या भोकातून त्याला ऊन आणि तेल सगळ्यांत जास्त लागलेलं. तिथं तेल आणि उष्णतेनं वेढे एकमेकांना चिकटले होते. मी जीव मुठीत धरून सोडवले. सुटताना उन्हाकडे असलेल्या कडेचं चित्र खपलीसारखं निघून आलं. शेत राहिलं. बांध राहिला. बैल राहिले. बैलांच्या मागे, जिथं माणूस असायला पाहिजे, तिथं प्रत्येक फ्रेममध्ये कोरी फिल्म. मी शेवटपर्यंत पाहिलं, एका तरी फ्रेममध्ये सापडेल म्हणून. पागोट्याचं टोकसुद्धा नव्हतं.

मी रडले. ऑफिसात, टेबलावर डोकं ठेवून, चांगला अर्धा तास. मग तोंड धुतलं.

साहेबांनी एक जबाब तयार केला, फिल्म हवामानामुळे निकामी झाली, आणि मला सही करायला दिला. मला राग आला. हवामानानं कशाला केलं असतं? मी दुसरा कागद घेतला आणि जे केलं ते क्रमानं लिहिलं. ऊन, एरंडेल, पाला, झाकण. साहेबांनी दोनदा वाचला. म्हणाले, बाई, एरंडेल लिहिलंच पाहिजे का? मी म्हटलं, लावलं आहे तर लिहायला नको? मग तो कागद त्यांनी अशा फायलीत लावला की जी त्यांच्या माहितीप्रमाणे कोणी उघडत नसे. फिल्म भंगारात टाकायचा शेरा मारला, पण तारीख घातली नाही. तेवढी मुभा त्यांनी मला दिली, आणि मी ती अजून विसरलेले नाही.

घरी सासूबाईंना सांगितलं. रात्री जेवताना म्हणाल्या, डाळीले तं काही होत नाही. त्या आठवड्यात त्यांनी डाळीच्या डब्याला हात लावला नाही.

सोमवारी बाबा आले, तर एकटे नव्हते. उद्याच्या खेळाची बातमी गेलेली, आज बाजार, म्हणून पंचवीस-तीस माणसं बरोबर. बाया, म्हातारे, कामावरून सुट्टी झालेले दोन खलाशी, म्हणजे कारखान्यात अवजड सामान ओढणारे मजूर. त्यांना साहेबांचे आभार मानायचे होते. साहेब त्या दिवशी दुर्गला गेले. मी बाहेर पायरीवर आले आणि सांगितलं की फिल्म पडद्यावर चालणार नाही, माझ्या हातून बिघडली. कशी बिघडली तेही सांगितलं. एरंडेलाचं ऐकून बाया हसल्या नाहीत. एक म्हणाली, आम्हीही तेच केलं असतं. त्यानं मला आणखी वाईट वाटलं.

चित्र सगळं गेलेलं नाही, टेबलावर दिसतं, असं मी म्हटलं. बाबांचं काय झालं आहे, ते मात्र नाही सांगितलं. तेवढी हिंमत माझ्यात नव्हती.

मग रांग लागली. एकेकानं टेबलाशी यायचं, एक डोळा मिटून भिंगाला दुसरा लावायचा, मी हँडल फिरवायचं. पडद्यावर ती फिल्म दहा मिनिटांत संपली असती. इथं ती संपेना. पहिल्याच घरापाशी पहिल्या बाईनं माझा हात धरला, थांब म्हणाली. तिचं घर होतं. दाराला टेकून काय ठेवलंय ते तिला ओळखायचं होतं. सूप होतं. तिनं सासूला बोलावलं, सासूनं पाहिलं, सूप त्यांचं नसून शेजारणीचं निघालं, आणि शेजारीण रांगेतच होती. हे सूप परत गेलंच नव्हतं म्हणे. पुढे तलाव आला, तर काठावर बसलेली गुरं कोणाची यावर दोन खलाशांचं जुंपलं. एका फ्रेमवर अर्धा तास. तिथं जे दिसत होतं ते पडद्यावर कोणालाच दिसलं नसतं, हे मला तेव्हाच कळलं. पुढे तर सोमवारी टेबल लोकांना पाहायला मोकळं ठेवायची आमच्याकडे पद्धतच पडली, आणि माझ्या हातच्या बिघडलेल्या, तुटक्या, यादीत नसलेल्या कितीतरी फिल्मा लोकांनी अशाच पाहिल्या. पण ते पुढचं. त्या दिवशी सुट्टी व्हायच्या वेळेला अर्धं रीळही झालं नव्हतं. लोक म्हणाले, उद्या येतो.

मंगळवारी साहेब परत आले. रांग पाहून त्यांनी विचारलं, हे कोणत्या नियमात बसतं? मी म्हटलं, फिल्म तपासणी चालू आहे. ते म्हणाले, इतकी माणसं? मी म्हटलं, मला एकटीला ओळखता येत नाही कोणाचं काय आहे ते. हे खरंच होतं. त्यांनी खुर्ची ओढली, थोडा वेळ बसले, मग स्वतःही भिंगाला डोळा लावून आले. रोजच्या नोंदीत मी तीन दिवस एकच वाक्य लिहिलं, एक रीळ तपासलं.

बाबा तिन्ही दिवस माझ्याजवळ स्टुलावर बसून होते. पहिल्या दिवशी त्यांनी भिंगाला डोळा लावून पाहिला. उजेड दिसतो, म्हणाले. बाकी काही नाही. तो एवढासा चौकोन, नखाएवढा. पडद्यावर बैल त्यांना दिसला असता. मी त्यांच्याकडे पाहू शकत नव्हते. ते म्हणाले, तू पाह आणि सांग. मग मी सांगत गेले आणि ते चुका काढत गेले. मी म्हटलं, तीन घरं आहेत. ते म्हणाले, चार असतील, चौथं झाडामागं पाह. पाहिलं तर असायचं. मी म्हटलं, बाया धान कुटून राहिल्या. किती? दोन. तिसरी बसली असेल, ती कधीच काम करत नव्हती. खरंच, कडेला तिसरी बसलेली होती. रांगेत हशा पिकला. ती बाई रांगेत होती, तीही हसली.

बुधवारी दुपारी शेत आलं.

मी हँडल फिरवायचं थांबवलं. बाबांचा पुतण्या रांगेत पुढे होता. त्यानं भिंगाला डोळा लावला. बराच वेळ पाहिलं. उठला, काही न बोलता बाजूला झाला. त्याच्यामागची बाई बसली. तिनंही पाहिलं आणि तिनंही काही सांगितलं नाही. तीन दिवस ज्या खोलीत माणसं एकमेकांच्या अंगावर ओरडत होती, तिथं एकदम सामसूम झाली. बाबांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"का दिखथे, नोनी?"

मी भिंगाशी गेले. शेत आहे, म्हटलं. बांध आहे. बांधावर बाभूळ आहे. बाभूळ नाही, पळस आहे, ते म्हणाले. मी नीट पाहिलं, पळसच होता. बैल दोन आहेत, म्हटलं. पांढरा अलीकडे, काळा पलीकडे. बरोबर, म्हणाले.

"अउ मैं?"

मी हो म्हणू शकले असते. खोलीतल्या एकाही माणसानं मला खोटं पाडलं नसतं, हे मला त्यांच्या तोंडाकडे पाहून दिसत होतं. पण मी मनात म्हटलं, बाई, या माणसाचं एवढं घेतलंस, आता हेही कशाला?

"बाबा, तुमी नाही दिसत," मी म्हटलं. "तुमच्या जागी कोरं आहे. तेथलं चित्र माह्या हातानं निंगून गेलं. मले माफ करा."

मग त्यांनी विचारलं, बैल उभे आहेत का रेंगत आहेत? रेंगणं म्हणजे त्यांच्याकडे चालणं. मी हँडल जरा पुढे घेतलं, पुन्हा पाहिलं. पांढऱ्याचा पुढचा पाय उचललेला होता. आणखी पुढे घेतलं, तो टेकला होता आणि दुसरा उचललेला. चालून राहिले, मी म्हटलं.

"त मैं पाछू हौं," ते म्हणाले. बैल काही आपल्या मनानं नांगर ओढत नाहीत, कोणीतरी मागं असतो, आणि तिथं दुसरा कोणी नव्हता.

मग त्यांनी विचारलं, आधीच्या दोन फेऱ्यांची तासं, म्हणजे नांगरानं पाडलेल्या रेघा, दिसतात का, आणि सरळ पडली आहेत का. मी शेवटच्या फ्रेमपर्यंत पाहत गेले. वेळ लागला. कोणी घाई केली नाही. बैलांच्या अलीकडे ती दोन तासं उजव्या कडेपासून कोऱ्या पट्ट्यापर्यंत गेलेली होती, कुठेही वाकली नव्हती. सरळ आहेत, मी सांगितलं.

बाबा उठले. रांगेकडे तोंड करून त्यांनी सगळ्यांना विचारलं, आता तरी पटलं का, मी होतो म्हणून? पुतण्या म्हणाला, पटलं. त्याच्यामागच्या बाईनं, खलाशांनी, भिंगापर्यंत न पोचलेल्या मागच्या लोकांनीही, सगळ्यांनी पटलं म्हणून सांगितलं.